पण रक्त कुठंय?

16 जानेवारी 2025 च्या पहाटे वांद्र्यातल्या घरात सैफ अली खानवर चाकूचे वार झाले. तो रिक्षातून लीलावतीत पोचला, मणक्याशी रुतलेला पात्याचा तुकडा डॉक्टरांनी काढला आणि 21 तारखेला तो स्वतःच्या पायांनी घरी गेला. वारांची झाली नसेल एवढी चर्चा त्या चालण्याची झाली. हर्नियाचे टाके दाखवायला आलेल्या एका काकांनी शर्टाची बटणं लावता लावता मलाही विचारलं, "मॅडम, खरं सांगा, एवढे वार झालेला माणूस पाच दिवसांत असा ताठ चालतो होय?"

ब्राझीलमध्ये लोकांनी याहून सरळ प्रश्न विचारला होता. 6 सप्टेंबर 2018 ला जुईझ दे फोरा या शहरात प्रचारफेरीत कार्यकर्त्यांच्या खांद्यावर बसलेल्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराच्या, बोल्सोनारोंच्या, पोटात एकाने सुरा खुपसला. व्हिडिओ जगभर फिरला. त्यात ते पोट धरून कळवळतात, लोक त्यांना खाली घेतात, पण शर्टावर म्हणावं तसं रक्त दिसत नाही. रक्त कुठंय? नाटक आहे! आजही तिथे तो सगळा बनाव होता असं मानणारे लोक आहेत. ऑपरेशनच्या टेबलावर मात्र लहान आतड्याला तीन भोकं, मोठ्या आतड्याला मोठी इजा, पोटात पसरलेली विष्ठा आणि वाहती शीर सापडली होती. रक्त होतंच, भरपूर होतं. ते पोटात होतं.

राजकारण बाजूला ठेवू. मला त्या प्रश्नाचं नवल वाटत नाही, कारण कॅज्युअल्टीत नातेवाईक, हवालदार आणि नवीन इंटर्न यांच्या मनात अगदी हाच हिशोब असतो: जखम मोठी तर मामला गंभीर, रक्त कमी तर टाके मारून घरी. हातापायाला, डोक्याला हा हिशोब थोडाफार चालतो. पोटाला अजिबात चालत नाही. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं आणि त्यातलं निम्मं पोटात साठलं तरी बाहेर एक थेंब येईलच असं नाही.

मी जनरल सर्जन आहे. शिकले एका सरकारी रुग्णालयात, आता जिल्ह्याच्या गावी काम करते. गेल्या काही वर्षांत पुण्याच्या बातम्यांमुळे कोयत्याची दहशत बसली आहे, आणि कोयत्याचे वार दिसायला भयंकर असतात यात शंका नाही. चामडी लोंबते, हाड दिसतं, खाटेखाली थारोळं साचतं. पण कोयता कापतो, तो आत शिरत नाही. मला भीती वाटते ती गुप्तीची, बर्फ फोडायच्या टोच्याची, स्क्रूड्रायव्हरची. बेंबीशेजारी पाऊण सेंटिमीटरची फट, तिच्यावर सुकत आलेलं रक्त, आणि पेशंट म्हणतोय, "काय नाय मॅडम, जरा लागलंय, पट्टी मारा." गावाकडे याचाच एक भाऊबंद असतो, बैलाचं शिंग. पोळ्याच्या दिवशी बैल बुजला आणि शिंग लागलं, एवढंच सांगतात. शिंग कुठून शिरलं आणि वर कुठवर गेलं हे जखमेवरून कळत नाही.

आणखी एक गोष्ट लोकांना पटत नाही. हवालदार पिशवीतला चाकू दाखवून म्हणतो, "पातं तीन इंचाचं आहे, मॅडम, तेवढंच गेलं असणार." तसं नसतं. पोटाची भिंत मऊ असते. मूठ जोरात आदळली की ती आत दबते, आणि तीन इंची पातं पाच इंचांवरच्या अवयवापर्यंत पोचतं. शिवाय आतले अवयव जागेवर बसून नसतात. श्वास पूर्ण सोडला की छाती आणि पोट यांच्यामधला पडदा चौथ्या बरगडीच्या खालच्या फटीपर्यंत वर चढतो, म्हणजे जवळजवळ स्तनाग्रांच्या रेषेला येतो. त्यामुळे छातीत लागलेला वार पोटातला असू शकतो. माणूस त्या क्षणी श्वास घेत होता की ओरडत होता, वाकला होता की हात वर होते, कोणाला आठवणार?

काही पेशंटच्या बाबतीत विचार करायचा नसतो. नाडी धावते आहे, बीपी लागत नाही. किंवा पोट लाकडाच्या फळीसारखं कडक झालंय. किंवा आतडं बाहेर आलंय. अशा वेळी रक्त मागवायचं आणि सरळ ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात जायचं. सीटी स्कॅनच्या बोगद्यात माणूस दगावलेला मी पाहिला नाही, पण ऐकलं आहे, आणि तेवढं पुरे. चाकू अजून पोटात असेल तर त्याला हात लावायचा नाही. तोच कदाचित एखादी शीर दाबून बसला असेल. तो काढायचा ओटीत, पोट उघडल्यावर. सिनेमात नायक स्वतः उपटून फेकतो तेव्हा माझा हात अजून आपोआप कपाळाला जातो.

बाहेर आलेल्या आतड्याबद्दल मराठी माणसाच्या मनात एक चित्र शाळेपासून ठसलेलं आहे. 10 नोव्हेंबर 1659, प्रतापगडाचा पायथा, बिचवा, आणि अफझलखानाचा कोथळा. कोथळा बाहेर म्हणजे खेळ संपला. कॅज्युअल्टीत तसं नसतं. जखमेतून आतड्यावरच्या चरबीच्या पडद्याचा, ओमेंटमचा, पिवळा तुकडा डोकावत असतो आणि माणूस शुद्धीवर असतो, कधी कधी फोनवर बोलतही असतो. सुश्रुतसंहितेत चिकित्सास्थानात याची तजवीज सांगितली आहे: फाटलेलं नसेल तेच आतडं आत घालावं, गवत, रक्त, धूळ लागलेलं असेल तर दुधाने धुवावं, तूप लावावं आणि नखं कापलेल्या हाताने हळूहळू आत सरकवावं. फाटलेलं असेल तर मुंग्यांच्या डोक्यांनी चावा घेववून तेही आत घालता येतं असं काही जण म्हणतात, अशी पुस्तीही जोडली आहे. दूध आणि तूप आज कोणी वापरणार नाही. पण नखांची आठवण ठेवणारा आणि आधी आतडं फाटलंय का ते बघ म्हणणारा माणूस कोणीतरी स्वतःच्या हातांनी काम केलेला असणार, याबद्दल मला शंका नाही.

खरी पंचाईत करतो तो मधला पेशंट. नाडी ठीक, बीपी ठीक, पोट मऊ, आणि समोर इंचभर जखम. याचं पोट उघडायचं की नाही?

एकेकाळी या प्रश्नाचं उत्तर होतं: नाही, कोणाचंच नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात, 1899 ते 1902 मध्ये, ब्रिटिश सैन्याचे सल्लागार सर्जन सर विल्यम मॅककॉर्मक यांचा अनुभव असा की पोटात गोळी लागलेला माणूस ऑपरेशन केलं तर मरतो आणि शांत पडू दिला तर जगतो. (त्याच युद्धात स्पिऑन कोपच्या लढाईत गांधीजींचं भारतीय पथक जखमींची स्ट्रेचर वाहून नेत होतं.) धुळीतला तंबू, तुटपुंजी भूल, अँटिबायोटिक्सचा पत्ता नाही. ते म्हणत होते त्यात त्यांच्यापुरतं तथ्य असेल. पहिल्या महायुद्धात चित्र पालटलं. ऑपरेशनची ठिकाणं आघाडीच्या जवळ सरकली, लवकर पोट उघडलेले सैनिक वाचू लागले, आणि नियम उलटा झाला: पोटात काही शिरलं की पोट उघडायचंच. हा नियम लढाईतून शहरात आला आणि गोळीचा नियम चाकूलाही लागू झाला.

तो मोडायला 1960 साल उजाडलं. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या किंग्ज काउंटी रुग्णालयातल्या जेराल्ड शाफ्टन यांनी लिहिलं की प्रत्येक भोसकलेलं पोट उघडायची गरज नाही, पेशंटची लक्षणं बघून ठरवा. याच काळात लोकांच्या लक्षात येत होतं की सरसकट उघडलेल्या पोटांतल्या बऱ्याच पोटांत दुरुस्त करण्याजोगं काही नसतंच. आम्हाला ढोबळ हिशोब शिकवला गेला तो असा: चाकू लागलेल्यांपैकी तिसरा हिस्सा पोटाच्या पोकळीपर्यंत पोचतच नाही, तिसरा हिस्सा पोचतो पण आत महत्त्वाचं काही कापत नाही, आणि उरलेल्या तिसऱ्या हिश्शाला ऑपरेशन लागतं.

मग उघडून बघितलं आणि काही निघालं नाही, तर बिघडलं काय? हा प्रश्न नातेवाईक विचारतात आणि तो रास्त आहे. एकदा उघडलेलं पोट पूर्वीसारखं होत नाही. आतडी एकमेकांना, भिंतीला चिकटतात. वर्षांनंतर त्यात पीळ बसून अडथळा येतो. टाक्यांच्या जागी हर्निया होतो. बोल्सोनारोंचंच बघा. त्यांचं ऑपरेशन अटळ होतं, पण त्यानंतर आठवड्याच्या आतच आतड्याच्या अडथळ्यासाठी दुसरं करावं लागलं, पुढे जखमेच्या हर्नियासाठी एक, आणि एप्रिल 2025 मध्ये, म्हणजे वारानंतर साडेसहा वर्षांनी, अडथळ्यासाठीच सुमारे 12 तासांचं आणखी एक. ज्याला गरज होती त्याला ही किंमत पडली. ज्याला गरजच नव्हती त्याने ती का मोजावी?

यावर मला सर्वात भावलेलं काम पुन्हा दक्षिण आफ्रिकेतलंच आहे. सोवेटोतल्या बारागवानाथ रुग्णालयात डेमेट्रियाडिस आणि राबिनोविट्झ यांनी पोटात चाकू लागलेल्या 651 पेशंटांचा अभ्यास 1987 मध्ये प्रसिद्ध केला. 345 जणांची लक्षणं स्पष्ट होती, त्यांचं लगेच ऑपरेशन झालं. उरलेल्या 306 जणांच्या पोटात हाताला फारसं काही लागत नव्हतं. त्यांना नुसतं पुन्हा पुन्हा तपासत ठेवलं, आणि त्यातल्या फक्त 11 जणांना पुढे ऑपरेशन लागलं. दगावला कोणीही नाही. या 306 मध्ये ओमेंटम किंवा आतडं बाहेर आलेले 26 जणही होते. (हे मी माझ्या पेशंटवर करायला धजावणार नाही; आतडं बाहेर असेल तर मी ओटीत जाते.) मला वाटतं, वर्णभेदाच्या काळात काळ्या वस्तीतल्या त्या रुग्णालयात गर्दी आणि ओटी यांचं गणितच असं असणार की प्रत्येकाचं पोट उघडणं शक्यच नव्हतं. मॅककॉर्मक यांच्या तंबूतही उघडत नव्हते, इथेही उघडत नाहीत. फरक एवढाच की तंबूत पेशंटला सोडून दिलं होतं आणि इथे दर थोड्या वेळाने कोणीतरी येऊन त्याचं पोट दाबत होतं.

आता त्या मधल्या पेशंटकडे येते. पहिल्यांदा त्याचे सगळे कपडे काढायचे. कुशीवर वळवून पाठ, काखा, नितंबांची घडी बघायची, कारण समोरच्या जखमेच्या नादात पाठीतली दुसरी जखम राहून जाते. पाठीच्या जखमेचं गणितही वेगळं. तिथून मूत्रपिंड, स्वादुपिंड, मोठ्या आतड्याचा मागचा भाग जवळ. तिथली इजा पुढून दाबून लवकर कळत नाही, म्हणून तिथे सीटी लागतोच.

समोरची जखम असेल तर ती भूल देऊन थोडी मोठी करायची, चांगल्या उजेडात थर बाजूला करत तळ शोधायचा. कातडी, चरबी, मग स्नायूवरचं पांढरं चकचकीत आवरण. आवरण शाबूत दिसलं की टाके घालून, धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन घरी. फाटलेलं दिसलं, किंवा तळच नीट दिसला नाही, तर ते आवरण फाटलेलं समजायचं आणि पेशंटला ठेवून घ्यायचं. आंधळेपणाने बोट किंवा सळई खुपसायची नाही. आत नसलेली वाट आपणच तयार करतो. आणि बरगड्यांवरच्या जखमेत हा उद्योग करायचाच नाही, फुप्फुसाभोवती हवा शिरायची.

यंत्रं मदत करतात, पण प्रत्येकाची खोड माहीत असावी लागते. सोनोग्राफीत रक्त दिसलं तर उपयोग. नाही दिसलं तर निश्चिंत होता येत नाही, कारण आतड्याला भोक पडलं तरी रक्त फारसं येत नाही. एक्स-रेत छाती-पोटामधल्या पडद्याखाली हवा दिसली की शिकाऊ डॉक्टर "आतडं फुटलं!" म्हणून ओरडतो, पण हवा चाकूबरोबर बाहेरूनही आत गेलेली असू शकते. आमच्या सरांच्या पिढीत पोटात नळी टाकून लिटरभर सलाईन सोडायचे आणि परत आलेल्या पाण्यामागे वर्तमानपत्र धरायचे. छापील अक्षरं वाचता आली नाहीत तर पोट उघडायचं. 1965 पासूनची ही तपासणी आता मागे पडली आहे. डाव्या बाजूच्या खालच्या बरगड्यांत वार असेल तर मात्र मी दुर्बिणीचा आग्रह धरते. उजवीकडे पडद्याचं भोक यकृत झाकून ठेवतं. डावीकडे ते उघडं राहतं, श्वासागणिक छाती पोटाला वर ओढत राहते, आणि काही वर्षांनी माणूस दम लागतो म्हणून येतो तेव्हा एक्स-रेत जठर छातीत असतं. त्याला तो जुना चाकू आठवतही नसतो.

हे सगळं झाल्यावर उरतं ते थांबणं. माझ्या मते हे या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य आहे, आणि त्याचा बोर्ड कुठल्याच हॉस्पिटलबाहेर लागत नाही. पेशंट उपाशी, सलाईन चालू, नाडीचा तक्ता पायाशी. दर काही तासांनी जाऊन तळहात सपाट ठेवायचा, जखमेपासून लांबच्या कोपऱ्यातून सुरुवात करायची. जखमेजवळ दुखणारच, दुखणं तिथून निघून पोटभर पसरतंय का हे बघायचं. "खोका जरा." खोकताना चेहरा वाकडा झाला का? मघाशी 84 असलेली नाडी 96 का झाली? ताप, पांढऱ्या पेशी, हिमोग्लोबिन. ज्यांचं बिघडायचं असतं त्यांचं बहुतेक पहिल्या 12 तासांत कळतं, पण मी 24 तास ठेवते. दारू प्यायलेल्याचं पोट मात्र विश्वासाचं नाही. त्याला दाबलं तरी तो हसतो, म्हणून त्याला सीटी.

नातेवाईकांना हे थांबणं म्हणजे दुर्लक्ष वाटतं. "सकाळपासून नुसतं पोट दाबून जाताय, काहीतरी करा की." "पाणी तरी पाजा." "मोठ्या दवाखान्यात हलवू का?" त्यांचं चुकत नाही. आपल्याकडे उपचार म्हणजे सुई, बाटली, ऑपरेशन. मी त्यांना तक्ता दाखवते, आकडे वाचून दाखवते. थोरला भाऊ किंवा चुलता समजूतदार निघाला की निम्मं काम होतं.

या पद्धतीची एक अट असते: हात शक्यतो तोच हवा. संध्याकाळी एकाने दाबलं, रात्री दुसऱ्याने, पहाटे तिसऱ्याने, तर "पोट मऊ आहे" या शेऱ्याला अर्थ राहत नाही. एकाचं मऊ दुसऱ्याचं कडक असतं. ड्युटी बदलतेच, त्याला इलाज नाही. म्हणून मी माझ्याकडच्या मुलांना फोनवर चार्ज देऊ देत नाही. जाणारा आणि येणारा, दोघांनी खाटेजवळ एकत्र उभं राहायचं आणि एकामागोमाग एक पोट दाबायचं. पाच मिनिटांचं काम आहे. पण रात्री एकच निवासी डॉक्टर तीन वॉर्ड आणि कॅज्युअल्टी सांभाळत असेल तर ही पाच मिनिटं आणायची कुठून? सीटी मशीन आलं की फीत कापायला पुढारी येतात. रिकामी पदं भरली म्हणून कोणी फीत कापलेली मी पाहिली नाही. तेवढी माणसं नसतील तर मग पोट उघडून मोकळं होणंच जास्त सुरक्षित, हेही मी मान्य करते. थांबणं हा माणसं असलेल्या ठिकाणचा उपचार आहे.

आणि मग कोर्ट. भोसकल्याची प्रत्येक केस एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल केस. पोलिसांना कळवायचं, पण त्यांची वाट बघत उपचार अडवायचे नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केलं आहे. शर्ट कापताना वाराच्या छिद्रातून कात्री न्यायची नाही, बाजूने कापायचा, आणि सीलबंद द्यायचा. जखम मोठी करण्यापूर्वी मूळ लांबी-रुंदी लिहून ठेवायची. हे केलेलं असलं की दोन-तीन वर्षांनी समन्स येतं तेव्हा फारसा घाम फुटत नाही.

बचावाचे वकील जवळजवळ नेहमी एकाच ठिकाणी बोट ठेवतात. "डॉक्टर, जखमेची खोली लिहिलेली नाही." मोजली नाही. "का?" सळई घालून मोजणं पेशंटला धोक्याचं असतं. "ऑपरेशन केलं?" नाही. "रक्त दिलं?" नाही. "दुसऱ्या दिवशी घरी सोडलं?" तिसऱ्या. "म्हणजे किरकोळ दुखापत."

इथे माझी आणि कायद्याची फारकत होते. भारतीय न्याय संहितेच्या कलम 116 मध्ये गंभीर दुखापतीचे प्रकार दिले आहेत: जिवाला धोका निर्माण करणारी दुखापत, किंवा ज्यामुळे माणसाला 15 दिवस तीव्र वेदना झाल्या किंवा नेहमीचे व्यवहार जमले नाहीत ती. जुन्या दंडविधानात हे 20 दिवस होते. चाकू पोकळीत शिरला, आतड्याला चाटून गेला आणि काही कापलं नाही, तर जिवाला धोका निर्माण झाला होता की नव्हता? माझ्याच बॅचचे दोन सर्जन यावर दोन मतं देतात. मी प्रमाणपत्रात दिसलं तेवढंच लिहिते: आवरण आणि पेरिटोनियम (पोटाच्या पोकळीचं आतलं अस्तर) छेदलेले, अवयव शाबूत, 24 तास निरीक्षण. मागच्या वेळी न्यायाधीशांनी मला विचारलं की या 24 तासांत नेमकं काय केलं ते साध्या शब्दांत सांगा. मी सांगत गेले, ते लघुलेखकाला सांगत गेले: दर चार तासांनी पोट तपासले. वकील उठून म्हणाले, "माय लॉर्ड, सहा वेळा तपासले, यातच सगळं आलं. काही सापडलं असतं तर पुन्हा तपासावं लागलं असतं का?" सरकारी वकिलांनी हरकत घेतली, आणि मला पेरिटोनियम म्हणजे काय हे पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं.